राज्य कुणाचं ते कोर्ट ठरवेल, पंचायतीकडे कोण बघणार?

खानापूरकर:
तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९४५ साली खुल्या समाजाची, म्हणजे सत्तेला मोकळेपणानं प्रश्न विचारता येतील अशा समाजाची, मांडणी केली. ‘राज्य कुणी करावं?’ हा प्रश्नच त्याला चुकीचा वाटायचा. वाईट राज्यकर्ता रक्त न सांडता खाली कसा उतरवायचा, ते विचारा म्हणायचा. आणि संस्था म्हणजे किल्ले. बांधणी चोख हवी तशी आतली शिबंदीही जागी हवी.

बेळगावचा हा मराठी भाग १९५६ साली म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आपण पहिल्याच प्रश्नाला चिकटून बसलोय. त्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीला रस्ते भरतात. ते भरावेतच. पण मराठी शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीच्या बैठकीला पालक किती येतात? ग्रामसभेत जमाखर्च कोण विचारतो? या भागासाठीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत पंचायत कंत्राटदारांच्या हवाली करायची काय?

उचगावचा:
काय ओ, ग्रामसभेला बसून बघा की एकदा. नोटीस कानडीत, ठराव कानडीत, सही कशावर करायलोय तेच कळत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असले की सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं केंद्रानंच ठरवलेलं. इथं कुठं दिसतं? दरवाजा आतून लावलाय आणि तुम्ही बाहेर उभ्या माणसाला शिबंदीत का नाहीस म्हणून झापताय.

खानापूरकर:
कागदांचं खरं आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी पंचायतींत निवडून गेलेले मराठीच आहेत की. त्यांनी गटाराच्या कामात काय केलं, हे विचारायला कानडी लागत नाही. तिथं भाषेचं निमित्त चालत नाही.

शहापूरची:
घरी मराठी, शाळा कानडी, अशी मी. वॉर्डातल्या पाण्याची तक्रार कानडीत लिहिते, काम होतं. यावर ‘विकली गेली’ म्हणणारे नातेवाईक आहेत, असो. पॉपर एवढा आवडत असेल तर त्याचं पुढचंही ऐका. तो व्हिएन्नाचा, बहुभाषिक साम्राज्य मोडताना पाहिलेला. एका भाषेच्या किंवा वंशाच्या लोकांचं एक राज्य ही कल्पनाच त्याला अव्यवहार्य आणि घातक वाटायची. म्हणजे तो आपल्या बाजूचा नाही.

उचगावचा:
मग कर्नाटकाच्या बाजूचा तरी कुठं आहे? त्यांचं राज्यही भाषेवरच उभं आहे. २०१२ ला इथं बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभारला तो काय कारभार सोपा व्हावा म्हणून? सरकारनं भाषेसाठी इमारती बांधायच्या आणि आम्ही मात्र भाषा विसरून आदर्श नागरिक व्हायचं!

शहापूरची:
विसरा कोण म्हणतंय? पुढच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मराठीतही द्या, असा अर्ज टाका. सोबतची कानडी प्रत मी लिहून देते, म्हणजे समजलं नाही म्हणायला कुणाला जागा नको.

खानापूरकर:
त्यात मागच्या वर्षाचा जमाखर्चही मागा.

उचगावचा:
मागतो. उत्तर कानडीतच येणार, लावा पैज.