अनाम्ब्रा, इमो, एनुगू: इग्बो लोकांची आपापसांतली थट्टा कुठवर चालते?

लागोसवासी (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त नायजेरियात, लागोसमध्ये राहतो. आमच्या कचेरीत बारा-चौदा जण इग्बो, म्हणजे नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या समाजाचे, आहेत आणि अनाम्ब्रा, इमो, एनुगू अशा एकमेकांच्या राज्यांवरून खोड्या काढणे हा त्यांचा रोजचा विरंगुळा आहे. अनाम्ब्राच्या माणसाला झोपेतही नाण्याचा आवाज ऐकू येतो, इमोच्या माणसाची संध्याकाळ मौजमजेवाचून सरत नाही, म्बाइसेची मुलगी मागायला जाणाऱ्याने आधी घरची जमीन विकावी, आबा शहरातला कारागीर परदेशी बुटाची हुबेहूब जोडी संध्याकाळपर्यंत शिवून देतो, असे बरेच काही मी ऐकले आहे. हे सारे हसत-खेळत चालते आणि ज्याच्यावर विनोद होतो तोच बहुधा सर्वांत मोठ्याने हसतो.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने घरून पालेभाजीचा रस्सा आणला होता. त्या झाडाची कोवळी पाने सुरी लागली की काळवंडतात म्हणून ती हातानेच तोडून घालतात आणि रस्सा दाट व्हावा म्हणून त्यात उकडून कुटलेल्या अळकुड्या घालतात, असे ते मला समजावून सांगत होते. तेवढ्यात त्या भाजीच्या नावावरून वाद पेटला. अनाम्ब्राचे लोक ‘ओरा’ म्हणत होते, इमोचे ‘ओहा’, आणि दोन्ही पक्ष समोरच्याला भाजीच कळत नाही असे ठासून सांगत होते. मलाही चेव आला. एनुगूकडच्या एका वयस्कर सहकाऱ्यांना मी, इतरांच्या तोंडून ऐकलेला शब्द वापरून, ‘तुम्ही वावा लोक याला काय म्हणता?’ असे विचारले. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला, डब्याचे झाकण लावले आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात आणि याची मला फार रुखरुख लागून राहिली आहे.

या समजुती आल्या कुठून, आणि त्यांतली एक थट्टा गोड का लागते व दुसरी वर्मी का बसते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नदीकाठ

मी ओनित्शामध्ये अकरा वर्षे औषधांच्या घाऊक व्यापारात होतो, त्यामुळे अनाम्ब्राबद्दल थोडे अधिकाराने लिहितो.

‘पैशाचे लोभी’ हा शिक्का अनाम्ब्रावर का बसला, हे समजून घेण्यासाठी तिथली जमीन पाहावी लागते. अगुलू आणि नांका परिसरात पावसाने जमीन अशी खचत जाते की घळी रुंदावत रुंदावत घरांच्या उंबऱ्यापर्यंत येतात. वस्ती दाट आणि शेतीला जमीन अपुरी, म्हणून इथल्या माणसाने फार पूर्वीपासून गावाबाहेर पडून पोट भरले. ऑकाचे लोहार हत्यारे घडवत मुलूखभर फिरत असत. नायजर नदीच्या काठावरचे ओनित्शा ही मोठी बाजारपेठ झाली आणि न्नेवीने मोटारींच्या व दुचाक्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात असे नाव काढले की आज त्या गावात मोटारी जोडण्याचा कारखाना उभा आहे.

व्यापाराची परंपरा जुनी असली, तरी या थट्टेला धार आली ती युद्धानंतर. नायजेरियातून फुटून निघालेल्या इग्बोबहुल बियाफ्राचे युद्ध जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राच्या पराभवाने संपले. युद्धाच्या काळात ज्यांनी आपल्या बँक खात्यांत व्यवहार केले होते, त्यांना खात्यावरची शिल्लक कितीही असो, सरसकट २० पौंड हातावर टेकवण्यात आले. ज्याचे हजारो पौंड होते त्यालाही वीस आणि ज्याचे शंभर होते त्यालाही वीस. त्या वीस पौंडांतून पुन्हा दुकान थाटणाऱ्या पिढीला मी माझ्या डोळ्यांनी म्हातारी झालेली पाहिली आहे, आणि ती पिढी पै-पैचा हिशोब का ठेवते हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

ते दुकान उभे राहिले ते ‘इग्बा बोई’ या उमेदवारीच्या रिवाजावर. गावाकडचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एखाद्या व्यापाऱ्याकडे पाच ते सात वर्षे राहतो. तो दुकान झाडतो, गिऱ्हाईक ओळखायला शिकतो आणि माल कुठून आणायचा ते पाहून ठेवतो. त्याला पगार मिळत नाही. मुदत संपली की मालकाने त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान लावून द्यायचे असते. माझ्या शेजारच्या गाळ्यात असा एक मुलगा होता. त्याची मुदत संपली त्या दिवशी मालकाने गावकीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावले, त्यांच्यासमोर नोटांची पुडकी मोजून मुलाच्या हातात दिली, आणि ‘उद्यापासून तू माझा प्रतिस्पर्धी’ असे म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. प्रत्येक मालक असा नसतो. शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घेऊन रिकाम्या हाताने हाकलून दिलेली मुलेही मी पाहिली आहेत, आणि ‘अनाम्ब्राचा माणूस भावालाही पावती मागतो’ या विनोदामागे अशी एखादी खरी जखम असू शकते.

तरीही अनाम्ब्राच्या माणसाला हा विनोद लागत नाही, कारण त्यात त्याच्या कर्तबगारीची कबुली आहे. ज्या थट्टेत हेवा असतो ती सहन करणे कुणालाच जड जात नाही.

म्बाइसेची सून

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर इमो राज्यातल्या म्बाइसेचे. तुम्ही लिहिलेला जमीन विकण्याचा विनोद मला गेली सोळा वर्षे प्रत्येक समारंभात ऐकावा लागतो.

लग्नाची यादी हा प्रकार खरा आहे. याम नावाचे कंद, ताडी, तंबाखू, बकरा, वस्त्रे, कुणाला छत्री, कुणाला पेटी, आणि यातले काय आईचे, काय भाऊबंदांचे, काय घराण्यातल्या लेकींचे हे त्या यादीत वेगवेगळे लिहिलेले असते. पण वधूमूल्याची तक्रार काही म्बाइसेपुरती नाही. १९५६ साली तेव्हाच्या पूर्व प्रांताच्या सरकारने कायदा करून वधूमूल्यावर ३० पौंडांची मर्यादा घातली होती, म्हणजे हे गाऱ्हाणे तेव्हाही घरोघरी होते. तो कायदा लोकांनी फारसा मनावर घेतला नाही.

माझ्या नणंदेचे लग्न न्नेवीकडच्या घराण्यात ठरले, तेव्हा बोलणी चालू असताना मी आतल्या दारात उभी होते. पैशाचा आकडा कुणीही तोंडाने उच्चारला नाही. केरसुणीच्या काड्यांची एक जुडी बशीत ठेवून आमच्याकडच्यांनी पाहुण्यांपुढे सरकवली. पाहुण्यांनी बाहेर जाऊन आपसात कुजबूज केली, काही काड्या काढून घेतल्या आणि बशी परत पाठवली. बशी चार वेळा इकडून तिकडे गेली. शेवटी माझ्या सासऱ्यांनी ती उचलली, काड्या न मोजताच खाली ठेवली, आणि रक्कम आली तेव्हा त्यातला थोडासाच भाग ठेवून बाकीची परत केली, कारण मुलगी विकलेली नाही हे सर्वांदेखत दिसायला हवे होते. त्या चार फेऱ्यांत दोन्हीकडचे पुरुष एकमेकांना ‘व्यापारी’ आणि ‘महागडे’ म्हणत इतके हसले की दोन घराण्यांमधला परकेपणा तिथेच गळून पडला. बोलणी थट्टेवाचून झाली असती तर पाहुण्यांना ते अपमानासारखे वाटले असते.

मात्र हीच अनाम्ब्रा आणि म्बाइसे ही नावे मी कडवटपणेही ऐकली आहेत. म्बाइसे हा कॅथलिक धर्मगुरूंचा मुलूख आहे, घरटी कुणी ना कुणी पाद्री किंवा जोगीण असते. डिसेंबर २०१२ मध्ये म्बाइसेच्या अहियारा धर्मप्रांतासाठी अनाम्ब्राचे पीटर ओकपालेके यांची बिशप म्हणून नेमणूक झाली आणि ‘आमच्यात इतके धर्मगुरू असताना बाहेरचा कशाला?’ म्हणून इथल्या पाद्र्यांनी व लोकांनी त्यांना स्वीकारले नाही. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मगुरूकडून ३० दिवसांत माफीचे पत्र मागितले, तरी तिढा सुटला नाही. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये ओकपालेके यांनी राजीनामा दिला. पुढे ते कार्डिनल झाले. त्या वर्षांत आमच्या घरात जेवताना अनाम्ब्रावरचे विनोद बंद झाले होते. नणंदेचे यजमान आले की सगळे हवापाण्यावर बोलत असत, आणि तो अबोला मला कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त बोचत असे.

लागोसवासी

ताई, काड्यांच्या जुडीचा प्रसंग वाचून माझ्या कचेरीतल्या कित्येक गोष्टींचा उलगडा झाला. ‘वावा’ या शब्दाबद्दल मात्र अजून अंधारातच आहे.

उदीची टेकडी

मी काही वर्षे एनुगूकडच्या न्सुक्का येथे शिकवत होतो. १९६० साली सुरू झालेले नायजेरिया विद्यापीठ तिथे आहे. तुमच्या सहकाऱ्यांना काय लागले असावे ते सांगतो.

बहुतेक इग्बो लोक ‘नाही’ला ‘म्बा’ म्हणतात. एनुगूकडच्या उत्तरेतल्या बोलींत त्यासाठी ‘वा’ म्हणतात. त्यावरून या लोकांना ‘वावा’ हे नाव पडले. नुसत्या उच्चाराची थट्टा असती तर ती ओरा-ओहाइतकीच निरुपद्रवी राहिली असती, पण तिच्यात कोळशाच्या खाणीचा इतिहास मिसळला. १९०९ मध्ये एनुगूजवळच्या उदीच्या टेकड्यांत कोळसा सापडला आणि १९१५ पासून तो काढला जाऊ लागला. जमिनीखाली उतरणारे मजूर बरेचसे आसपासच्या खेड्यांतले होते. मिशनरी शाळा जिथे आधी पोहोचल्या त्या ओनित्शा आणि इमोतल्या ओवेरीकडून आलेले लोक कारकून आणि मुकादम झाले. त्यामुळे ज्याची जमीन तोच त्या शहरात हमाल ठरला आणि ‘वावा’ म्हणजे अडाणी, घरगडी, असा अर्थ त्या शब्दाला चिकटला. १८ नोव्हेंबर १९४९ रोजी इवा खोऱ्यातल्या खाणीवर पोलिसांनी मजुरांवर गोळीबार केला, त्यात २१ जण मरण पावले. वयस्कर माणसाच्या मनात हा शब्द या साऱ्यासकट येतो.

पुढे राजकारणातही हा शब्द उतरला. १९७६ मध्ये जे अनाम्ब्रा राज्य झाले त्याची राजधानी एनुगू होती, पण बड्या नोकऱ्या आणि व्यापार आपल्या हाती नाही ही एनुगूकडच्यांची तक्रार कायम राहिली. वेगळ्या राज्याची मागणी करणाऱ्यांनी ‘वावा’ हेच नाव अभिमानाने उचलले आणि १९९१ मध्ये एनुगू राज्य वेगळे झाले. म्हणून हा शब्द आज त्यांच्या स्वतःच्या तोंडी बाणेदार वाटतो आणि परक्याच्या तोंडी हिणकस.

एबोन्यीच्या लोकांची स्थिती याहून अवघड आहे. त्यांचे राज्य १ ऑक्टोबर १९९६ रोजी, एनुगू आणि अबिया यांचे भाग काढून तयार झाले. तिथल्या अबाकालिकीच्या तांदळाची सगळे तारीफ करतात, पण तो पिकवणाऱ्याला दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर समजण्याची खोड अजून गेलेली नाही. अबिया हे नाव आबा, बेंदे, इसुइक्वुआतो आणि अफिक्पो यांच्या आद्याक्षरांचे मिळून केलेले आहे, आणि त्यांतले अफिक्पो १९९६ मध्ये एबोन्यीत गेले. ज्या राज्यांच्या नावाने लोक एकमेकांचे स्वभाव सांगतात ती राज्ये तुमच्या कचेरीतल्या कित्येकांपेक्षा वयाने लहान आहेत, हे त्यांनाही ठाऊक असते.

तुम्ही त्या गृहस्थांकडे एकटे जा आणि शब्दाचा इतिहास ठाऊक नव्हता हे सरळ सांगा. चारचौघांत माफी मागू नका, कारण तो शब्द पुन्हा सर्वांसमोर उच्चारला जाईल. जमल्यास सकाळी जा. त्या वेळी एनुगूकडच्या माणसाला गरम ‘ओकपा’ची आठवण हमखास येते. तो एका जातीच्या शेंगांच्या पिठात पामतेल घालून पानात उकडलेला पदार्थ आहे, आणि त्याबद्दल विचारलेत तर बोलणे आपसूक पुढे सरकेल.

बोलीवेडा

वरच्या सर्वांनी पाच राज्यांबद्दल लिहिले आहे, पण नायजर नदीच्या पश्चिमेकडे आणि पोर्ट हार्कोर्टच्या बाजूला हा विषय आणखी नाजूक होतो, म्हणून थोडी भर घालतो.

‘इग्बो’ हे नाव पूर्वी सगळ्यांनी स्वतःसाठी वापरलेले नाही. आपली परंपरा बेनिनच्या जुन्या राज्याशी जोडणारे ओनित्शाचे मूळ रहिवासी आतल्या मुलखातून आलेल्यांना ‘न्वा ओन्ये इग्बो’, म्हणजे इग्बोचे पोर, असे म्हणत. जे आज सर्वांचे समान नाव आहे ते एकेकाळी शेजाऱ्याला चिडवण्याचे नाव होते. लिहिण्याच्या भाषेचेही तसेच झाले. अनेक बोली एकत्र करून १९१३ मध्ये बायबलचे भाषांतर छापले गेले, पण ती मिश्र भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी आयुष्यभर तिच्यावर टीका केली आणि १९९९ मध्ये ओवेरीत व्याख्यान दिले ते प्रमाण इग्बोत नव्हे, तर स्वतःच्या बोलीत. त्यावरून ओवेरीकडच्या लोकांमध्ये बरीच नाराजी झाली, आणि मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते.

तुमच्या कचेरीत पोर्ट हार्कोर्टकडचे कुणी इक्वेरे समाजाचे असतील, तर त्यांना ‘तुम्ही कुठल्या प्रकारचे इग्बो?’ असे विचारू नका. युद्धानंतर तिथल्या अनेक वस्त्यांच्या नावांत, वंशज या अर्थाच्या ‘उमू’च्या जागी ‘रुमू’ आले आणि उमुओलाचे रुमुओला झाले. हरलेल्या बाजूचे समजले जाण्याची भीती होती, इग्बो मालकांच्या सोडून गेलेल्या घरांचा तंटा होता, आणि आपण पूर्वीपासूनच वेगळे आहोत असे प्रामाणिकपणे मानणारेही पुष्कळ होते. तिथे एकाच घरात थोरला भाऊ स्वतःला इग्बो म्हणवतो आणि धाकटा नाही म्हणतो, असे मी पाहिले आहे. दोघे जेवायला मात्र एकाच ताटावर बसतात, आणि त्या घरात या विषयावर विनोद होत नाहीत.