मदत हवी आहे: शेजाऱ्याने गडगा पाडला, आमच्या अंगणात पाया खणला. मोजणी तातडीने कशी होईल?

दमलेला बाब्या
थोडक्यात लिहितो, वेळ नाही. रत्नागिरी जिल्ह्यात गावी आमचं घर, आई एकटी असते. शेजाऱ्याने मधला जुना दगडी गडगा पाडला आणि चिऱ्याचं कंपाउंड घालायला घेतलंय. पाया सरळ आमच्या अंगणात, चारेक फूट आत. होमस्टे काढतोय म्हणे, गाड्या वळायला जागा हवी. वर पत्र्याची शेड अशी उतरवली आहे की सगळं पाणी आमच्या पडवीत येणार. मे संपत आला. आईने विचारलं तर म्हणतो, "मोजणी करून घे काकी, मग बोलू." गवंडी रोज येतोय.
प्रश्न एवढाच: मोजणी लवकरात लवकर कशी होईल? कुणाच्या ओळखीत एजंट आहे का? गावकीत मिटवा वगैरे सल्ले कृपया नकोत, ते करून झालंय.

सातारी कंदील
एजंट कशाला? अर्ज ऑनलाइन होतो. ताजा सातबारा लागतो, प्रकार "हद्द कायम" निवडायचा, चतुःसीमा आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते भरायचे, चलन भरायचं. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी अशी चढण होती, आता नियमित आणि द्रुतगती दोनच. तुम्ही द्रुतगती घ्या. आमच्या शेताची गेल्या वर्षी केली. रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन आले, दुपारपर्यंत खुणा दाखवून मोकळे. नंतर "क" प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल मिळते, ती जपून ठेवा. गट नंबर काय तुमचा?

दमलेला बाब्या
आमच्याकडे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो. तो सांगून इथे काय होणार? धन्यवाद, अर्ज बघतो.

पेठेतला
आमच्या सोसायटीत शेजारच्या बंगलेवाल्याने अशीच भिंत सरकवली होती. सर्वसाधारण सभेत ठराव घेतला, महापालिकेत अतिक्रमण विभागाला पत्र दिलं, नगरसेवकाला गाठलं. आज ती भिंत नाही. ठराव महत्त्वाचा!

काळी मिरी
@पेठेतला, ठराव कुणी घ्यायचा? बाब्याच्या आईने आणि मांजराने?
बाब्या, जागा गावठाणात आहे की सातबाऱ्यावर? घरपट्टी कुणाच्या नावाने येते?

कोर्टाची पायरी
मोजणी करा, पण मोजणीने भिंत थांबत नाही. भूकरमापक येतो, खुणा दाखवतो, जबाब घेतो, जातो. अतिक्रमण काढणं त्याच्या अधिकारात नाही. शिवाय लगतच्या लोकांना आधी नोटीस जावी लागते. तुमचा शेजारी तोपर्यंत भिंत पूर्ण करून रंगही देईल. निकाल मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागेल, त्यावर आणखी वरची सुपर निमताना. म्हणून तो इतक्या उदार मनाने "मोजणी करून घे" म्हणतोय. काम चालू असताना मार्ग एकच, दिवाणी न्यायालयात दावा आणि त्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज. तालुक्याचा वकील गाठा.

भर दुपार
सगळ्यात आधी कॅव्हेट टाका. आजच्या आज.

कोर्टाची पायरी
@भर दुपार, कॅव्हेट यांनी का टाकायचं? कॅव्हेट म्हणजे "माझ्याविरुद्ध कुणी हुकूम मागायला आलं तर मला ऐकल्याशिवाय देऊ नका". 90 दिवस चालतं. इथे हुकूम मागायला जायचंय ते यांनाच. उलट त्याने आधीच टाकलं नसेल ना, ते बघायला हवं.

भर दुपार
आणि त्याने उलटा दावा ठोकला की "मला माझ्या जागेत काम करू देत नाहीत" म्हणून? मग? माझ्या मेव्हण्याच्या केसमध्ये हेच झालं. पुस्तकी ज्ञान वेगळं, कोर्टाच्या आवारात उभं राहणं वेगळं.

कोर्टाची पायरी
टाकू देत मग. दोन्ही करा. पण कॅव्हेटने गवंडी घरी जात नाही.

निवांत नाना
बाब्या, गावकी नको म्हणालास तरी सांगतो. आमच्या वाडीत तंटामुक्ती समितीने एका बैठकीत असा वाद मिटवला. 2007 साली ती मोहीम सुरू झाली तेव्हा लोक हसले होते. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला, अर्धी जागा याची अर्धी त्याची, विषय संपला. कोर्टात गेलेल्यांचे नातू अजून तारखा घेतायत.
पाण्यासाठी मात्र मामलेदार कोर्टात अर्ज कर. 1906 चा कायदा आहे, कलम 5. सहा महिन्यांच्या आत जावं लागतं.

दमलेला बाब्या
नाना, जागा आमची असताना अर्धी का द्यायची?? समितीचा अध्यक्ष त्याच्याच बरोबर क्रिकेट खेळतो. म्हणून लिहिलं होतं, नको.
हद्दीवर आमचा एक फणस आहे, त्याच्या मुळांशी पण खणलंय. आता तो कलणार. तोच तोडून टाकतो, म्हणजे खूण कुठली हा वादच राहणार नाही.

सातारी कंदील
खूण तोडून वाद कसा संपेल भाऊ?

काळी मिरी
फणसाला हात लावू नकोस! एक तर फणस 1964 च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. आंबा, जांभूळ, चिंच, साग, खैर यांच्याच रांगेत. परवानगीशिवाय तोडलास तर तक्रार करणारा तोच असेल आणि मग तू आरोपी, तो साक्षीदार. दुसरं म्हणजे हद्दीवरचं जुनं झाड हा पुरावा असतो.
मी विचारलेल्याचं उत्तर अजून दिलं नाहीस.

मांडवीतीर
आमच्या गोव्यात एक-चौदाचा उतारा (तुमच्या सातबाऱ्यासारखा) काढायचा आणि सर्व्हे प्लॅन. प्लॅनवर घरं, गडगे सगळं दाखवलेलं असतं. तुमच्याकडे तसं नाही का? जागा कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक मालकीच्या जुन्या संस्थेची) असेल तर मात्र प्रकरण वेगळं.

काळी मिरी
@मांडवीतीर, रत्नागिरीत कोमुनिदाद नाही हो.

कोर्टाची पायरी
नाना, मामलेदार कोर्टाचं कलम शेतजमीन, चराऊ जमीन, झाडं, पिकं यांच्यासाठी. पत्र्यावरून पडवीत येणाऱ्या पागोळ्या त्यात बसणार नाहीत. ती मागणीही दिवाणी दाव्यातच घ्यायची, "शेडला पन्हळ लावून पाणी स्वतःच्या बाजूला उतरवावं" अशी.

बर्फातला बंडू
इथे अमेरिकेत सर्व्हेयर येऊन लाल झेंडे रोवून जातो, शेजारी गपचूप कुंपण मागे घेतो. अर्थात आमच्याकडे वाद कुंपणाच्या रंगावरून. वसाहतीच्या मंडळाने मला करडा रंग लावायला लावला. माझ्या आजोळी गडग्यावर बसून बरक्या फणसाचे गरे खाल्लेले आठवले. बाब्या, तुमचा कापा की बरका?

निवांत नाना
बरका असेल तर तोडायला काय हरकत आहे? खायला घेतला की घशात घसरतो.

काळी मिरी
नाना, बरक्याची साठं खाल्ली नाहीत म्हणून बोलताय.

मांडवीतीर
बरक्याला रसाळ म्हणतो आम्ही. त्याचीच सांदणं होतात. काप्याची करून दाखवा कुणी.

दमलेला बाब्या
इथे भिंत चढतेय आणि तुम्ही सांदणं करताय. कापा आहे. मिळालं उत्तर?
काळी मिरी, गावठाण नाही, सातबाऱ्याची जागा. घरपट्टी आमची वेगळी, आईच्या नावाने. त्याची त्याच्या.

काळी मिरी
आणि सातबारा? वेगवेगळा की एकच? तो तुझ्या आईला काकी म्हणाला तेव्हापासून डोक्यात आहे. गावात सगळेच काकी म्हणतात हे खरं, पण तो भावकीतला आहे का?

दमलेला बाब्या
भावकीतलाच आहे, माझे आजोबा आणि त्याचे आजोबा सख्खे भाऊ. सातबारा एकच, त्यावर पानभर नावं आहेत, अर्धी माणसं गेलेली. पण वाटण्या आजोबांच्या काळातच झाल्यात, सगळ्या वाडीला माहीत आहे. वरचं घर त्यांचं, खालचं आमचं, मध्ये गडगा. त्याने मोजणीला काय फरक पडतो?

सातारी कंदील
आई गं. मग माझा पहिला प्रतिसाद विसरा.

कोर्टाची पायरी
सगळाच फरक पडतो. दोघं एकाच हिस्सा नंबरात असाल तर मोजणीवाल्याच्या नकाशात तुमच्या दोघांमध्ये रेषाच नाही. हद्द कायम मागितलीत तर तो हिस्सा नंबराची बाहेरची हद्द दाखवेल. त्या हद्दीच्या आत तुम्हीही आणि तोही. पोटहिस्सा मोजायचा तर सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात, त्यात त्याचीही. गेलेल्यांच्या जागी वारसनोंदी हव्यात. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटप करून देतो, पण ते सगळ्यांच्या संमतीने. एकाने जरी नकार दिला तरी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा.
"मोजणी करून घे काकी" म्हणणाऱ्याला हे सगळं नीट ठाऊक आहे.

भर दुपार
म्हणजे 12 वर्षं झाली की ती जागा त्याची. कब्जा सच्चा.

कोर्टाची पायरी
नाही. सहहिस्सेदाराविरुद्ध नुसत्या कब्ज्याने मालकी होत नाही. एका हिस्सेदाराचा कब्जा हा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरतात. तुमचा हक्क नाकारून त्याने उघडपणे तुम्हाला बाहेर काढलंय हे सिद्ध करावं लागतं. मेव्हण्याला विचारा.

भर दुपार
मेव्हणा जिंकला होता. असो.

काळी मिरी
बाब्या, आता ऐक. तुमची वाटणी तोंडी. कागदावर नाही, फेरफार नाही. मग ती झाली होती याचा पुरावा काय? दोन वेगळ्या घरपट्ट्या, दोन घरं आणि मधला गडगा. त्यातला गडगा त्याने पाडला. त्याला चार फूट हवेत म्हणून नुसता सरकवलाय असं समजू नकोस. गडगा होता कुठे हेच उद्या कुणाला दाखवता येणार नाही.
आमच्या माहेरी हेच झालं. आम्ही दोन वर्षं मोजणीच्या मागे लागलो. तोवर गडग्याचे दगड त्यांच्या नव्या पायात गेले आणि साक्ष देणारे दोन्ही म्हातारे गेले. शेवटी वकिलाने विचारलं, "जुना फोटो तरी आहे का?" लग्नाच्या आल्बममध्ये नवऱ्यामुलीच्या मागे चार दगड दिसले. त्यावर पुढची केस उभी राहिली.
म्हणून मोजणी नंतर. आधी गडग्याची रेघ पकड. दगड उचलले तरी खाली बसलेला थर आणि दोन बाजूंच्या मातीतला फरक पहिला पाऊस पडेपर्यंत दिसतो. नंतर चिखल. फोटो काढ, व्हिडिओ काढ. घराच्या जोत्याचा कोपरा, विहिरीचा कठडा, फणसाचं खोड या न हलणाऱ्या जागांपासून टेपने अंतरं घे आणि कागदावर उतरव. पोलीस पाटील किंवा वाडीतली दोन वयस्कर माणसं सोबत उभी कर, त्यांच्या सह्या घे. जुने फोटो शोध. गणपतीतले, लग्नातले, अंगणात काढलेले सगळे.

कोर्टाची पायरी
सहमत. मनाईच्या अर्जाला हेच जोडायचं. सामाईक जागेत वाटप होण्याआधी एकाने पक्कं बांधकाम करून जागेचं स्वरूप बदलू नये, "जैसे थे" ठेवावं, अशी मागणी करता येते. कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणीही मागा. आणि ग्रामपंचायतीत लेखी विचारा की बांधकाम परवानगी दिली आहे का, अर्जासोबत कोणता उतारा आणि कुणाकुणाची संमतीपत्रं जोडली. सामाईक सातबाऱ्यावर तुमच्या आईची सही नसताना परवानगी मिळाली असेल तर ते वकिलाला उपयोगी पडेल. नक्कल पोच घेऊन मागा.

निवांत नाना
आईची सही कुणी कुठे घेतली होती का, ते आधी विचार. आमच्याकडे "लाइटच्या मीटरसाठी आहे" म्हणून घेतात.

दमलेला बाब्या
आईला फोन केला. गेल्या दिवाळीत त्याने "नळाच्या जोडणीसाठी" म्हणून एका कागदावर सही घेतली होती. वाचला नव्हता.
शुक्रवारी रात्री निघतोय. शनिवारी ग्रामपंचायत, तहसील, भूमी अभिलेख सगळं एका दिवसात उरकतो, रविवारी परत. तलाठ्यालाही भेटतो.

सातारी कंदील
शनिवारी तहसील आणि भूमी अभिलेख बंद. 2020 पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. सोमवारची रजा टाका. आणि तलाठी नाही, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. तलाठी म्हटलं तरी ओ देतात.
सातबारा, फेरफार मोबाइलवरच काढा, डिजिटल सहीचा मिळतो, त्यासाठी जायला नको.

फुरसतीत
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण तातडीची मोजणी करून घ्या. एजंट हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काळी मिरी
बाब्या, शनिवार-रविवार टेप आणि फोटोंना दे. सोमवारी आधी ग्रामपंचायत, त्या सहीचा कागद कुठे लागलाय ते बघ, मग वकील. त्याच्याशी भांडायला जाऊ नकोस, मारामारीची नोंद झाली की पोलीस मूळ वाद "दिवाणी बाब" म्हणून बाजूला ठेवतात आणि मारामारी तेवढी लक्षात ठेवतात. आणि आईला आत्ताच सांग, मी येईपर्यंत कशावरही सही करू नको, पाण्याच्या बिलावरसुद्धा.

दमलेला बाब्या
सांगितलं. ती म्हणते गवंडी आज आला नाही, चिरा संपलाय, गाडी परवा येणार. टेप किती फुटी आणू?

सातारी कंदील
शंभर फुटी, स्टीलची. कापडी ताणली की लांबते, तो कोर्टात त्यावरच बोट ठेवेल.