एकाला टाईप वन, म्हणून दुसरीचंही गोड बंद?

पुणेरीआई
आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर कळणार नाही. धाकटा ८ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी टाईप वन डायबिटीस निघाला. आठवडाभर सारखं पाणी पाणी करत होता, रात्री अंथरूण ओलं, आम्ही म्हटलं मे महिना आहे, आणि एका सकाळी श्वास असा जोरजोरात घ्यायला लागला की तसाच रिक्षात घालून पळालो. शुगर ५४०, रक्तात किटोन्स (इन्सुलिन नसलं की साचणारं आम्ल), चार दिवस आयसीयू. घरी आलो त्याच दिवशी नवऱ्याने साखरेचा डबा, गुळाची ढेप, जॅम, बिस्किटं सगळं पिशवीत भरून शेजारच्या काकूंकडे दिलं. तेव्हा मलाही पटलं होतं. तेव्हापासून घरात गोड नाही. आमरस नाही, पुरणपोळी नाही, बाप्पाला नैवेद्य म्हणून काजू-बदाम.

लेक १३ ची. मागच्या आठवड्यात वॉशिंग मशीनच्या मागे झाडताना चॉकलेटची सात रॅपरं निघाली. मी जी काही ओरडले तिला! ती गप्प. आणि हा मधेच येऊन म्हणतो, आई ताईला रागवू नको ना, तिने मला खायला नाही दिलं, फक्त कागदाचा वास घेऊ दिला.

मी तिथेच खाली बसले.

आता माझं ठरलंय की या गणपतीत उकडीचे मोदक होणार, सगळे खाणार, तोही खाणार, इन्सुलिन घेऊन. डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगतायत की हा आजार गोड खाऊन झालेला नाही, त्याच्याच शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात, त्यामुळे जे खाईल त्याच्या हिशेबाने इन्सुलिन द्यायचं. नवरा म्हणतो तू वेडी झालीस. चार दिवस नीट बोलणं नाही. मी चुकतेय का? मोकळं बोला.

वर्धेकर बाप
ताई, राग मानू नका पण मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. माझी मुलगी १० ची, टाईप वन निघून चार वर्षं झाली. आमच्याकडे सुरुवातीला मोकळं ठेवलं होतं, मोठ्यांना जे खायचं ते खा, तिचं तिला मोजून देऊ. दिवाळीत मोठ्या भावाने प्रेमापोटी तिला गच्चीवर नेऊन करंज्या दिल्या, किती ते दोघांनीही सांगितलं नाही, भीतीने. वरून इंजेक्शन नाही. रात्री ४०० च्या वर, उलट्या, पहाटे ॲडमिट. तो पोरगा १४ वर्षांचा, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडत होता, तेव्हापासून गोड त्याने स्वतःहून सोडलं, आम्ही सांगितलं नाही.

इन्सुलिन घेऊन खाता येतं हे मलाही माहीत आहे राजेहो. पण ते कागदावर. घरात ताटभर वस्तू फिरत असली की कोणी कधी काय उचललं याचा हिशेब राहत नाही, आणि रात्री तीनला बोट टोचायला आईबापच उठतात. सगळ्यांचं ताट एक, हाच नियम आम्हाला झेपतो. भावंडाने एवढं सोसलं तर काय बिघडलं? घर म्हणजे तेच ना.

साखरवाली
मी स्वतः टाईप वन, ९ व्या वर्षी झाला, आता २६. माझ्या आईबाबांनी अगदी हेच केलं होतं, घर साफ. काय झालं सांगू? मी शाळेत मैत्रिणींच्या डब्यातलं खायला लागले, रिक्षावाल्या काकांकडून गोळ्या घ्यायचे, आणि चोरून खाल्लं की डोस चोरून घेता येत नाही कारण इन्सुलिन टोचायचं पेन आईकडे. १३ व्या वर्षी माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ११ च्या वर होतं आणि घरात साखरेचा कणही नव्हता!

आणि गोडापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. दादाचा वाढदिवस केकशिवाय झाला की सगळे माझ्याकडे बघायचे. कोणी काही बोलायचं नाही, बोलले असते तर बरं. मला वाटायचं या घरातली मजा मी खाल्ली.

अजून एक. १९२२ च्या आधी टाईप वनच्या मुलांना उपाशी ठेवायचे, खरंच, अगदी मोजून नावापुरतं खायला देऊन काही महिने जगवायचे, हाडांचा सापळा होऊन मुलं जायची. मग जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन दिलं आणि ते सगळं संपलं. शंभर वर्षं झाली. इन्सुलिन हातात असताना घरात उपासमारीचं राज्य कशाला?

वर्धेकर बाप
@साखरवाली तुमचं दुःख समजतं, पण उपासमार हा शब्द जरा जास्त होतोय. वरण-भात-पोळी-भाजी खाऊन कोणी उपाशी मरत नाही. आणि तुम्ही चोरून खाल्लं ते घरात गोड नव्हतं म्हणून, की पेन आईच्या ताब्यात होता म्हणून? दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साखरवाली
@वर्धेकर बाप हं. हा मुद्दा बरोबर आहे. दोन्हीमुळे, पण पेन जास्त. मला कोणी विचारलंच नाही की काय खाल्लंस, विचारायचे ते "खाल्लंस का?" असं, पोलीस विचारतात तसं. तुमच्या मुलानेही आकडा लपवला तो त्याच भीतीने ना?

निसर्गोपचारप्रेमी
सगळेच रसायनांच्या मागे लागलेत. रोज उपाशीपोटी कारल्याचा रस आणि मेथी द्या, सहा महिन्यांत इन्सुलिन सुटेल. ओळखीत सुटलंय.

साखरवाली
ओळखीत सुटलं ते टाईप टू असेल, किंवा सुरुवातीचा हनिमून पिरियड असेल, त्यात काही महिने इन्सुलिन अगदी कमी लागतं आणि लोकांना वाटतं बरा झाला. टाईप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जातो. पुणेरीआई, असले सल्ले देणारा नातेवाईक घरात असेल तर त्याला मोदकांपेक्षा लांब ठेवा.

बीडकर
तुम्हा सगळ्यांचं वाचून एक बोलतो, उलटं वाटंल. आमच्या लेकराला अंगावर लावून सारखी शुगर दाखवणारा सेन्सर नाही, बोट टोचून शुगर बघायच्या दिवसाला दोन पट्ट्या परवडतात, कधी एक. तुमचं जे चाललंय की खा आणि मोजून टोचा, ते मोजायला आधी शुगर कळायला पाहिजे ना. आमच्याकडं रोज तेवढीच भाकरी, तेवढंच वरण, ठरल्या वेळी, ठरलेला डोस, हाच आमचा सेन्सर. त्यात एक लाडू आला की सगळा अंदाज गेला. लाइट जाते म्हणून इन्सुलिन माठात ठेवतो, ओल्या वाळूत. मधे मेडिकलवाल्यानं ४० युनिटच्या बाटलीवर १०० युनिटची सिरिंज दिली, त्यानं डोसच चुकतो, बायकोच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. आमच्या घरात गोड बंद आहे, त्यात मानसशास्त्र काही नाही, चुकलो तर तालुक्याला जायला गाडी नाही.

बाकी थोरल्या पोरीला मी बाजारच्या दिवशी जिलेबी खाऊ घालतो, तिथंच, हात धुऊन घरी. धाकट्याला माहीत नाही. बरोबर का चूक ते मला माहीत नाही.

पुणेरीआई
@बीडकर दादा, तुमच्यापुढे माझा प्रश्न लाडाचा वाटतोय खरं. पण ती बाजारातली जिलेबी वाचून मला माझी लेक आठवली, तिला कोणी अशी नेली नाही हो. ती एकटीच खात होती, बाथरूमच्या दाराआड.

सातारची आज्जी
माझं वय ७१, नातवाला आहे. आजारी लेकरापुढं बसून खायचं म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरत नाही बाई. आमच्या वेळी सासूबाईंना साखरेचा त्रास होता तर अख्खं घर बिनसाखरेचा चहा प्यायचं आणि कुणाची तक्रार नव्हती. आताच्या पोरांना एवढंसं सोसवत नाही. बाप बरोबर बोलतोय. मोदक नसले तर बाप्पा काय रागावणारे का.

थोरली
आज्जी, नमस्कार करून सांगते, सासूबाईंसाठी सोडणारे सगळे मोठे होते. मी ती १३ वर्षांची मुलगी होते. माझ्या भावाला थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त. आमच्याकडे खाण्याची बंधनं वेगळी होती पण घराचं गणित हेच. ट्रिप रद्द कारण त्या दिवशी रक्ताची तारीख. स्नेहसंमेलनाला आई नाही कारण तो ॲडमिट. मला सगळं समजत होतं आणि तोच प्रॉब्लेम होता, समजूतदार मुलगी म्हणून माझं कौतुक व्हायचं त्यामुळे रडायची सोयच नव्हती.

पुणेरीआई, मी मोदकांच्या बाजूने आहे पण एक टोचणारं बोलते. सात रॅपरं मशीनमागे जमेपर्यंत तुम्हाला पत्ता नव्हता. मुलाची शुगर तुम्ही दिवसातून किती वेळा बघता? आणि तिला शेवटचं कधी विचारलंत काही, "भावाने इंजेक्शन घेतलं का" सोडून? मोदक केले आणि तिच्याकडे बघणं तसंच राहिलं तर ती मोदकही बाथरूममध्येच खाईल.

पुणेरीआई
लागलं. खोटं नाही बोलणार, दुपारी वाचलं आणि उत्तर द्यायला रात्र झाली. काल तिच्या बॅगेत वाकून बघितलं, कंपास, वह्या आणि तळाशी ग्लुकॉन-डी ची पुडी. म्हटलं ही कशाला, तर म्हणे शाळेच्या बसमध्ये तो लो गेला, शुगर एकदम खाली आली तर. दोन वर्षं ती पुडी घेऊन फिरतेय, मी दिलेली नाही. म्हणजे आमच्या बिनसाखरेच्या घरात प्रत्येकाच्या पिशवीत साखर आहेच, माझ्या पर्समध्ये फ्रुटी, यांच्या गाडीत ग्लुकोज बिस्किटं.

वर्धेकर बाप
हे मात्र आमच्याकडेही आहे. आणि आमची कन्या तर हुशार, ज्यूस हवा असला की "बाबा हातपाय थरथरतायत" म्हणते. आधी बोट टोचतो. १४० निघाली की दोघंही हसतो. ७० च्या खाली निघाली की हसू जागच्या जागी जातं, १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं, परत टोचायचं.

तरी माझं मत बदललेलं नाही. घरात मोकळा डबा नको. पण ठरवून, एका दिवशी, सगळ्यांसमोर, मोजून असेल तर ती वेगळी गोष्ट. तुमच्या मिस्टरांना आयसीयूतले चार दिवस दिसत असतील, ते गोडाला नाही घाबरत, त्या रिक्षाला घाबरतात. त्यांना वेडी-बिडीवरून सुनावत बसू नका, डोस त्यांच्या हातून द्यायला लावा.

साखरवाली
@वर्धेकर बाप +१, आणि मी हे तुमच्या पोस्टला लिहीन असं वाटलं नव्हतं. फक्त डोस बाबांच्या हातून आणि आकडा मुलाच्या तोंडून. किती मोदक हे त्याने सांगायचं, खाण्याआधी.

पुणेरीआई, तूप जास्त असेल तर शुगर लगेच नाही चढत, दोन-तीन तासांनी चढते. जेवल्यावर आकडा छान दिसला म्हणून खूश होऊ नका, आणि लगेच चढली नाही म्हणून घाबरून काही करू नका. आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा.

सातारची आज्जी
मोजून मोदक? नैवेद्याला वजनकाटा? काय काय बघायचं राहिलंय देवा. असो, खाऊ दे लेकराला. पण त्याला आधी वाढा, मग मोठ्यांनी.

वर्धेकर बाप
एक विचारायचं होतं. बायको म्हणतेय आपणही करून बघू, एकच दिवस. तुम्ही सारण वेगळं तोलता की उकडीसकट? वाफवल्यावर वजन वाढतं, पाणी शिरतं.

पुणेरीआई
एकेक मोदक तोलायचा नाहीच. सगळं कच्चंच मोजायचं. ३०० ग्रॅम तांदळाच्या पिठीचे साधारण २४० ग्रॅम कार्ब्स (ज्याने शुगर वाढते ते), पाव किलो गुळाचे सव्वादोनशे धरते, नारळाचे थोडे, आणि २१ ला भागायचं, एकाचे २२-२३ येतात. त्याला १५ ग्रॅम कार्ब्सला एक युनिट इन्सुलिन लागतं म्हणजे एका मोदकाला दीड. अर्ध्या युनिटचं पेन आहे म्हणून बरं. तुमच्या मुलीचं प्रमाण वेगळं असेल, ते तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

पण सगळे एका मापाचे व्हायला हवेत. तेवढं काम लेकीला दिलंय, काल कणकेवर प्रॅक्टिस केली तिने, एक मोदक लिंबाएवढा तर एक नारळाएवढा! हे बाजूला पेपर वाचत बसले होते, पेपर उलटा होता की काय देव जाणे, शेवटी उठून म्हणाले, अगं कळ्या आधी पाडायच्या, दे इकडे.