कातडी जाड नसते हो
"नटांची कातडी जाड असते, म्हणून त्यांना टीका लागत नाही," हे मला काही पटलं नाही. लागतेच की! फक्त कोणती टीका घरी न्यायची, हे चांगल्या नटाला कळतं. निळू फुल्यांना पडद्यावरच्या खलनायकीपायी बायका खरोखर शिव्या घालत, आणि ते त्याला कामाची पावती समजत. ही एक तऱ्हा.

दुसरी मी इथे नागपुरातच पाहिली. राज्य नाट्य स्पर्धेत मित्राचा प्रयोग ऐन रंगात असताना मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" आम्ही विंगेत कपाळाला हात लावला. प्रयोग संपल्यावर हा पठ्ठ्या मेकअपही न पुसता बाहेर टपरीवर गेला, त्याच माणसाला गाठून म्हणाला, "भाऊ, नेमकं कुठं ऐकू नाही आलं?"

"वाक्याचा शेवटच गिळून टाकता ना तुम्ही!"

चहाचे पैसे मित्रानंच दिले. मग महिनाभर घरी रोज पेपर मोठ्यानं वाचला, शेवटच्या शब्दावर जोर देऊन. (निधनवार्तासुद्धा ठणठणीत आवाजात. वहिनी वैतागल्या होत्या.)

मी असतो तर त्या माणसाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.