'टेक'ला इटालियनमध्ये काय म्हणतात?

इटालियनच्या वर्गाचा सहावा महिना चालू आहे. परवा निबंधाची वही परत आली ती लाल गोलांनी भरून. इंग्रजीत जिथे 'टेक' येतं तिथे मी इमानेइतबारे 'प्रेन्देरे' लिहीत गेले, कारण कोशात पहिला अर्थ तोच आहे. कॉफी घेतली, बस घेतली, औषध घेतलं, निर्णय घेतला, इथवर सगळं बरोबर. पण परीक्षा, दोन तास, आंघोळ आणि 'भावाला स्टेशनवर घेऊन गेले' या चारही ठिकाणी चूक, आणि चारही ठिकाणी बाईंनी वेगवेगळं क्रियापद लिहून दिलंय. हे लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का?

—

आहे. मधे इंग्रजी आणू नका. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा, निम्मे गोल तिथेच पुसले जातील.

परीक्षेचंच बघा. इटालियन विद्यार्थी 'दारे उन एझामे' म्हणतो. दारे म्हणजे देणे. परीक्षा आपण देतो, मास्तर घेतात, तिथेही तसंच. आपल्याकडच्या पोरांनी 'आय गेव्ह द एग्झाम' म्हटलं की लोक हसतात, पण इटलीतल्या बोलोन्याचा विद्यार्थी स्वतःच्या भाषेत तेच बोलतो आणि कुणी भुवई उंचावत नाही. कागदोपत्री भाषेत 'सोस्तेनेरे' असतं, म्हणजे पेलणे. तिथल्या विद्यापीठांत बऱ्याचशा परीक्षा तोंडी असतात, गुण ३० पैकी आणि १८ ला पास. प्राध्यापकासमोर बसून ती पेलावीच लागते म्हणा.

वेळेची गंमत याहून मोठी. इथे 'व्होलेर्ची' वापरतात आणि ते हुबेहूब आपलं 'लागणे' आहे. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो: 'ची व्हुओले उन ओरा ए मेद्झा'. मिलानला तीन तास लागतात: 'ची व्होल्योनो त्रे ओरे'. 'लागतो'चं 'लागतात' झालं तसंच तिथेही क्रियापद तासांप्रमाणे बदललं. इंग्रजीत एक तास असो की तीन, क्रियापद ढिम्म हलत नाही. शिवाय हे फक्त वेळेपुरतं नाही. स्वयंपाकात मीठ लागतं, कामाला धीर लागतो, दोन्हीकडे 'ची व्हुओले'. माणूस कर्ता करायचा असेल तर 'मेत्तेर्ची': 'ची ओ मेस्सो दुए ओरे', म्हणजे मी त्यात दोन तास घातले. मेत्तेरे म्हणजे घालणे, ठेवणे. शब्दाला शब्द जुळतो.

आंघोळ करणे, फेरफटका मारणे, फोटो काढणे या सगळ्याला 'फारे', म्हणजे करणे. इथे फार विचार करू नका. बूट काढण्याला 'तोल्येर्सी', आणि विमान उडतं तेव्हा 'देकोल्लारे'.

माझं सगळ्यात आवडतं मात्र 'प्रेन्देर्सेला'. यात प्रेन्देरे आहेच, मागे 'स्वतःला' आणि एक मोघम 'ती' चिकटलेली. ती म्हणजे कोण, हे कुणीच विचारत नाही. अर्थ, मनाला लावून घेणे. 'नोन ते ला प्रेन्देरे', मनावर घेऊ नकोस. लाल गोलांबद्दल तुम्हालाही हेच सांगतो.

—

वरचं पटलं, पण मराठीवर एवढा भरवसा नको. स्टेशनचं उदाहरण त्यांनी सोयीस्कर गाळलंय. मराठीत नेणे वेगळं, आणणे वेगळं. इंग्रजीतही दोन शब्द आहेत. इटालियनमध्ये दोन्हीला 'पोर्तारे'. भावाला स्टेशनवर नेलं तरी पोर्तारे, वेटरला बिल आणायला सांगितलं तरी पोर्तारे. चष्मा लावतो यालासुद्धा पोर्तारे चालतं. इथे मराठीतून गेलात तर दुसरा शब्द शोधत बसाल आणि तो सापडायचा नाही. दूर नेण्यावर जोर द्यायचा असेल तर पुढे 'व्हिया' लावतात. पिझ्झाच्या दुकानावर 'दा पोर्तार व्हिया' दिसलं तर समजा, पार्सल मिळेल.

अवांतर: 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजांचाही नाही. तो नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांबरोबर आला. त्याआधी जुन्या इंग्रजीत 'निमान' होतं, जर्मन 'नेहमेन'चा भाऊ. टेकने त्याला हुसकावून लावलं. बधिर या अर्थाचा 'नम्ब' मात्र मागे राहिला, म्हणजे ज्याची संवेदना 'घेतली' गेली तो.

—

दोघांचेही आभार. वही उघडून बसले आहे. आणखी एक गोल राहिला होता, तो तुमच्या पद्धतीने आपोआप सुटला. टिंगल करण्याला 'प्रेन्देरे इन जीरो' म्हणतात. जीरो म्हणजे शून्य नव्हे, फेरी, गिरकी. १९०९ पासून चालू असलेली 'जीरो दितालिया' ही सायकल शर्यत, तोच जीरो. मी याचं भाषांतर 'गोल फिरवणे' केलं होतं. आता बघते तर आपण फिरकीच घेतो की!

—

ही मलाही सुचली नव्हती. कोशात 'थट्टा करणे' लिहिलंय, तिथे पेन्सिलीने खाडाखोड केली.