उ.: पेपर हातात आला की डोकं रिकामं

दहावीतली मुलगी घरी सगळं सोडवते, पेपरात मात्र अडते. म्हणून रोज एक पूर्ण पेपर सोडवून घ्यावा का, असं वर विचारलंय. माझं मत: नको. आधी २० मिनिटांत पाच गणितं, तीही येणारीच, पण घड्याळ लावून. वेळेची धास्ती मोडली की मग तीन तासांचा पेपर, आठवड्यातून एकदा.

चुकलेलं गणित पुसू देऊ नका, चुकलेली ओळ शोधायला लावा. २x² − ७x + ३ = ० मध्ये (−७)² ऐवजी −७² लिहिलं की ४९ चं −४९ होतं, सूत्रातल्या b² − 4ac मध्ये (म्हणजे विवेचकात) २५ च्या जागी −७३ येतात आणि समीकरणाला मूळच, म्हणजे उत्तरच, नाही म्हणून पोरगी हादरते. सूत्र येत असतं, कंस राहिलेला असतो!

सीबीएसईत वाचायला १५ मिनिटं मिळतात; त्यात पहिली पाच सोपी गणितं मनात ठरवायची. अडलं तर पायऱ्या लिहून पुढे जायचं, पायऱ्यांनाही गुण असतात.

आणि इंदुरातल्या आईबाबांनो, हिंदी माध्यमात 'द्विघात', 'विविक्तकर' असतं. घरी 'वर्गसमीकरण', 'विवेचक' म्हणालात तर गोंधळ वाढेल. शब्द तिच्या पुस्तकातलेच वापरा.