'मात्रा' म्हणजे डोस की गोळी? आणि 'जेनेरिक'ला काय म्हणायचं?

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर)

आमच्या ज्येष्ठ मंडळासाठी एक पानी पत्रक करतेय. बीपी, शुगर, थायरॉइड, पित्त अशा दिवसाला पाच-सहा गोळ्या घेणाऱ्यांसाठी. मसुद्यात लिहिलं होतं, 'औषधाची मात्रा स्वतःहून बदलू नये.' शेजारच्या अक्कांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, गोळी बदलायची नाही. तीच गोळी दोन घेतली तर चालतंय की."

अक्का घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी. मला वाटलं चूक त्यांची. पण मंडळातल्या आणखी दोघींनी हाच अर्थ लावला. शिवाय 'जेनेरिक'ला, म्हणजे ब्रँडऐवजी आतल्या औषधाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या गोळीला, सरळ मराठी शब्द हवाय. सुचवा.

उत्तर १

चूक कुणाचीच नाही. तेलुगूत 'मात्र' आणि कन्नडात 'मात्रे' म्हणजे चक्क गोळी, टॅब्लेट. कन्नडात 'गुळिगे'ही चालतं. मराठीत मात्र (हा 'मात्र' वेगळा!) मात्रा हे माप. संस्कृत 'मा' म्हणजे मोजणे, त्यातून आलेलं. म्हणून छंदाची मात्रा, तालाची मात्रा, औषधाची मात्रा. पण आपल्याकडेही तो शब्द मापावरून वस्तूवर सरकलाच आहे. जुन्या घरांत हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवायचे, तिथे मात्रा म्हणजे औषधच. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' यातही माप कुठंय?

मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू एकाच बोळात नांदणाऱ्या गावात छापील 'मात्रा' धोक्याची. शुगरची मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमचीही येते आणि १००० चीही. 'एक मात्रा' म्हणजे यातली कुठली? 'डोस' लिहा. पोलिओपासून तो शब्द घराघरात आहे.

उत्तर २ (मेडिकलवाला, अशोक चौक)

काउंटरवरची भाषा सांगतो. आम्ही म्हणतो, "सॉल्ट तेच आहे, कंपनी वेगळी." परवा एक मामा भडकले, "डॉक्टरनं मीठ बंद केलंय आणि तू सॉल्टची गोळी देतो व्हय बे?" तेव्हापासून मी 'आतलं औषध' म्हणतो.

चिठ्ठीवरचं 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, लॅटिनमधून आलंय. विडी कामगारांच्या गावात ते मोठ्यानं वाचून दाखवू नये एवढंच सांगतो. १-०-१ सगळ्यांना कळतं.

आणि पत्रकात 'बीपीची गोळी' असं अजिबात लिहू नका. खरा घोळ तिथं होतो. एका जागेवरून कंपनीची बीपीची गोळी आणतात, दुसरीकडून जेनेरिक, आणि दोन्ही घेतात, कारण रंग वेगळा, नाव वेगळं. आत दोन्हीकडं ॲम्लोडिपिनच. मग चक्कर येते, पाय सुजतात. लोक म्हणतात, "जेनेरिक सोसली नाही."

उत्तर ३

यावर उपाय औषधाच्या नावातच आहे. ब्रँडचं नाव कंपनी ठेवते, पण आतल्या औषधाला जगभर चालणारं एक नाव असतं. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून ही नावं ठरवते. त्या नावाला शेपूट असतं, ते आडनावासारखं वाचायचं. टेल्मिसार्टन, लोसार्टन हे सार्टन घराण्यातले. ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन हे डिपिन. ॲटॉर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलवाले स्टॅटिन. दोन पाकिटांवर एकच आडनाव दिसलं तर खायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. २०१८ पासून बहुतेक पाकिटांवर हे नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम आहे, म्हणजे भिंगाची गरज थोडी कमी झाली.

आता 'जेनेरिक'. 'मूळ औषध' नको, त्यानं उलट पहिल्या शोधक कंपनीचं असा अर्थ होतो. 'सामान्य औषध' म्हटलं की लोक दुय्यम समजतात. 'जातिवाचक' व्याकरणात शोभतं, औषधाच्या दुकानात त्याचा भलताच अर्थ निघेल. मी जेनेरिक हाच शब्द ठेवीन आणि पुढे एक वाक्य जोडीन. कारण खरी अडचण त्याच्याविरुद्ध उभ्या केलेल्या 'कंपनीची गोळी' या शब्दात आहे. जेनेरिकही कंपनीच बनवते. आणि मेटफॉर्मिनसारख्या औषधावर आज कुणाचं पेटंटच नाही, त्यामुळे महागडं नाव लावलेली गोळीसुद्धा खरं तर जेनेरिकच. कायद्यानं दोन्हींना दर्जाचे निकष सारखेच. 'डुप्लिकेट' हा तिसराच प्रकार. ती नकली गोळी, तो गुन्हा.

उत्तर २ (पुन्हा)

एक राहिलं. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर तो बदलून दुसरा द्यायची आम्हाला मुभा नाही. लोक आमच्याशी भांडतात. "डॉक्टर, आतल्या औषधाचं नाव लिहून द्या" असं तिकडंच म्हणायचं, हे छापा.

उत्तर ४ (कुंभारी)

'अनशापोटी' पण तपासा. आमच्याकडं चहा मोजतच नाहीत. चहा-खारी झाली तरी माणूस अनशापोटीच असतो! थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, पुढं अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, असं फोडून लिहा. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब.

'सकाळ-रात्र'ही सगळ्यांना एक नाही. मालक मागावर रात्रपाळी करायचे तेव्हा 'झोपताना'ची गोळी सकाळी आठला व्हायची. अशांनी पाळीनुसार वेळा डॉक्टरांकडून लिहून आणाव्यात. आणि एकादशीला जेवण नाही पण शुगरची गोळी घेतली, असं इथं दर घरात आहे. 'जेवणाआधी' याचा अर्थ पुढं जेवण आहे, हे स्पष्ट लिहा. नाहीतर शुगर एकदम खाली येते.

उत्तर १

जाता जाता: सरकारी योजनेतल्या जेनेरिक दुकानांचं नाव संधी केला तर 'जनौषधी' व्हायला हवं. पाट्यांवर 'जनऔषधी' आहे. पत्रकात पाटीवरचंच ठेवा, शोधणाऱ्याला दुकान सापडलं पाहिजे.

प्रश्नकर्ती

मसुदा बदलला. 'मात्रा' काढली, 'बीपीची गोळी' काढली. आता असं आहे:

'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डोस कमी-जास्त करू नका. एका वेळची गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. जेनेरिक म्हणजे तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय. दवाखान्यात जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, अर्धी संपलेली सुद्धा.'

अक्कांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न आला, 'ब्रँड' म्हणजे काय?

उत्तर २

'पाकिटावरचं कंपनीनं ठेवलेलं नाव' असं लिहा.